तीन कुलपांचा टेलिफोन

थेओफानोकाकू आयुष्यात कधी कुठल्या सभेला गेली नाही, पण गावातल्या राजकारणाचा सगळा वारा तिच्या अंगावरून गेला. खरोखरीचा वारा. तिच्या कॉफीघराला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी होती आणि गावातला एकमेव टेलिफोन त्या खिडकीशेजारी भिंतीवर होता. निळ्या पक्षाच्या माणसाला फोन आला की तो आत येत नसे. हिरव्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, अशी शपथच होती. तो रस्त्यावर उभा राहायचा, काकू खिडकी उघडून रिसीव्हर बाहेर द्यायची. मग तो मेलबर्नमधल्या भावाशी गुडघेदुखीबद्दल, मेंढ्यांबद्दल, मेलेल्या आत्याच्या अक्रोडाच्या झाडांबद्दल सावकाश बोलत असताना त्सुमेर्काच्या डोंगरातला अख्खा जानेवारी आत शिरायचा. वायर आखूड. काकू ती हाताने ताणून धरायची.

"आटपा हो," ती म्हणायची. "तुमचा भाऊ तिकडे उन्हाळ्यात बसलाय."

"दार मोठं असतं तर आत आलो असतो, वहिनी."

"दार मोठंच आहे. तुमचं डोकं लहान आहे."

ती माझी सख्खी काकू. झिसिसकाका माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. त्याचं कॉफीघर हिरवं: खुर्च्या हिरव्या, पडदे हिरवे, काउंटरमागे पक्षाचा हिरवा सूर्य रंगवलेला. समोर, रस्ता ओलांडला की थ्रासोसचं निळं कॉफीघर. एक्याऐंशी साली हिरव्यांचं राज्य आलं तोवर टेलिफोन थ्रासोसकडे होता. राज्य आल्यावर पहिल्या महिन्यात तो रस्ता ओलांडून काकाकडे आला. घरोघरी फोन देण्याचं वचन प्रत्येक निवडणुकीत मिळे. खांब खालच्या गिरणीपर्यंत येत, मतं मोजून झाली की तिथेच थांबत.

हा थ्रासोस कोण, तर काका-काकूच्या लग्नात त्यांच्या डोक्यावरचे फुलांचे मुकुट अदलाबदल करणारा, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, अन्थुलाला, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर उचलून नाव देणारा धर्मपिता. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट. टेलिफोन हलला त्या दिवसापासून तो काकाशी बोलला नाही. काकूशी बोलायचा, पण खिडकीतून.

राहता राहिला स्तेर्गिओस, गावातला एकमेव लाल. तारुण्याची वर्षं निळ्यांनी त्याला एका उजाड बेटावर दगड फोडायला ठेवलं होतं. त्याला कॉफीघर नव्हतं, शेळ्या होत्या. तो दोन्हीकडे उभ्याने कॉफी प्यायचा, दोन्हीकडे भांडायचा आणि बिनसाखरेची मागायचा, म्हणजे आभार मानायला नकोत.

एकोणनव्वद सालच्या जूनमध्ये निवडणूक झाली आणि कुणालाच बहुमत मिळालं नाही. मग निळे आणि लाल एकत्र बसले. स्तेर्गिओसला कुणीतरी समोरच्या कॉफीघरात निळ्या खुर्चीवर बसवलं. तो उन्हात काटा टोचल्यासारखा बसून राहिला. काकू खिडकीतून म्हणाली, "स्तेर्गिओसदादा, ज्यांनी दगड फोडायला लावले त्यांच्याच मांडीवर बसलात की."

"हा तात्पुरता ऐतिहासिक टप्पा आहे," स्तेर्गिओस म्हणाला.

"आणि मांडी?"

 स्तेर्गिओसने त्या दिवशी कॉफी गोड प्यायली.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक. पुन्हा अथेन्सहून मतदानासाठी बसगाड्या भरभरून गावची माणसं वर आली, पुन्हा भोंगे, झेंडे, रात्रभर त्सिपुरोची दारू, पुन्हा कपबशा काकूने धुतल्या. पुन्हा कुणालाच बहुमत नाही. रेडिओवरचा माणूस आकडे वाचत होता आणि काकू त्याच्याकडे, जिना चढताना पुन्हा पुन्हा पहिल्याच पायरीवर येणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं बघत होती.

"एवढी मतं दिली," ती म्हणाली, "ती जातात कुठे? नाल्यात?"

मग ती बातमी आली. तिन्ही पक्षांचं मिळून एकच सरकार, आणि त्याच्या डोक्यावर पंच्याऐंशी वर्षांचे एक विद्वान अर्थतज्ज्ञ. सरकारचं नाव 'इकुमेनिकी'. गावात हा शब्द कुणी वापरत नव्हतं. पापा-फोतिस, आमचे पाद्री, रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचे, कारण त्यांना दोन्हीकडची माणसं लागत. त्यांनी उलगडून सांगितलं.

"इकुमेनी म्हणजे माणसांनी वसलेलं सगळं जग. चर्चच्या मोठ्या परिषदांना हाच शब्द आहे. आणि मुळात त्याच्या पोटात 'घर' हा शब्द आहे बरं का, फानो. घर!"

"घर?" काकू खिडकीत हात पुसत होती. "पाद्रीबाबा, तीन पुरुष आणि मध्ये टेबल याला घर म्हणत नाहीत. कॉफीघर म्हणतात."

पण पुरुषांना तो शब्द चढला. अथेन्समध्ये एकत्र बसतात तर आपण काय पाप केलंय? गावातही इकुमेनिकी हवी. कुणी कुणाच्या दारात जायला तयार नव्हतं, म्हणून रस्त्याच्या बरोबर मध्ये टेबल मांडलं, अर्धं झिसिसकाकाच्या बाजूला, अर्धं थ्रासोसच्या, आणि स्तेर्गिओसला बसवलं टोकाला. पाऊस भुरभुरत होता. दुधाची गाडी आली, तिने भोंगा वाजवला, तिघांनी टेबल उचललं, गाडी गेली, तिघांनी पुन्हा मोजूनमापून ठेवलं. इतक्या वर्षांत काका आणि थ्रासोस यांनी एकत्र केलेलं ते पहिलं काम.

पहिलाच विषय टेलिफोन.

"जूनमध्ये आमच्या बसची वेळ बदलली," थ्रासोस म्हणाला. "फोन आला होता. निरोप मिळाला नाही. आमची अकरा माणसं खाली आर्ता शहरात बस स्टँडवर बसून राहिली. मी कुणाचं नाव घेत नाही."

खिडकी धाडकन उघडली. "नाव घ्या, भावजी! मी भर पावसात तुमच्या बायकोला हाका मारून सांगितलं. तिने मान हलवली. तुमच्या घरात निरोप हरवतात याला माझा पक्ष काय करणार?"

"मी कुणाचं नाव घेत नाही."

"न्या मग तो टेलिफोन! आठ वर्षं वारा खाल्ला. आजच न्या. उपटून न्या."

तिला त्या क्षणी खरोखर सुटल्यासारखं वाटलं असणार. ती आत गेली, भांडी आपटली, थोडी गुणगुणली सुद्धा. अन्थुलाची आठवण तिला जरा वेळाने झाली. मी काउंटरपाशी होतो. तिचा हात थाळीवर थांबला आणि ती नुसती उभी राहिली.

अन्थुला जर्मनीत श्टुटगार्टला होती. नवरा पाव्लोस तिथे कारखान्यात. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा ती परक्या शहरात एकटी होती. काकूला ते आठवड्याने कळलं. आता पुन्हा दिवस होते, फेब्रुवारीच्या मध्यावर तारीख. या वेळी काकू जाणार होती. आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही, आणि त्या चाळीस दिवसांत तिच्याजवळ तिची आई असते. पासपोर्ट तयार होता. एकटीने ती आर्ताच्या पलीकडे कधी गेली नव्हती, म्हणून ठरलं होतं ते असं: पाव्लोसचा चुलतभाऊ आर्ताहून संत्र्यांचा ट्रक घेऊन जर्मनीला जातो. तो कधी निघणार हे माल भरला की ठरतं. पाव्लोस तिकडून फोन करील, आणि काकूने त्याच संध्याकाळपर्यंत खाली रस्त्यावर येऊन थांबायचं. तो एक फोन. बाकी सगळं बोचक्यात बांधून दाराशी.

टेबलावर मात्र तोवर प्रगती झाली होती. टेलिफोन हिरव्यांकडे नको, निळ्यांकडे नको. चर्चमध्ये नको, बिशप रागावेल. तर तो शाळेत. शाळा मुलांअभावी बंद पडली होती, चढावर, गावापासून जरा बाजूला. आणि कुठल्याही पक्षाने एकट्याने फोन घेऊ नये म्हणून तो तिथल्या ओकच्या कपाटात ठेवायचा आणि कपाटाला तीन कुलपं लावायची. मतपेटीला नाही का तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी लागत? तसंच. किल्ली प्रत्येकाकडे एक.

"म्हणजे फोन वाजला की?" काकूने विचारलं.

"तिघं जाऊ, उघडू."

"आणि तिघांतला एक रानात असला तर?"

"फानो," काका समजावणीच्या सुरात म्हणाला, "यालाच एकमत म्हणतात."

"यालाच तुझं कपाळ म्हणतात."

टेलिफोन खात्याचा तारवाला खालून आला. टेलिफोन कपाटात बसवायला सांगितल्यावर त्याने तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. "इथे सही करा. एकाची पुरे." तिघांनी केली. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वरती हवा विरळ असते, नाही का?"

एकदा ते चाललं, हे कबूल करायला हवं. डिसेंबरात, रविवारी प्रार्थना आटोपून माणसं बाहेर पडत असताना टेलिफोनची घंटा वाजली. तिघंही जागेवर होते, तिघंही चढ चढले, तीन कुलपं निघाली. थ्रासोसच्या डोळ्यांत पाणी आलं, तो म्हणाला थंडीने. फोन अन्थुलाचा होता. पण किल्ल्या ज्यांच्या ते हलायला तयार नाहीत. कपाट उघडं असताना पहारा सोडायचा कसा? काकू पोरीशी पोटातल्या बाळाबद्दल, सूज आलेल्या पायांबद्दल, रक्ताबद्दल बोलतेय आणि तीन पुरुष हातभर अंतरावर टोप्या धरून उभे.

"बोला, बोला," स्तेर्गिओस म्हणाला. "आमचं लक्ष नाही."

"मग विचारा, डॉक्टर काय म्हणाला," थ्रासोस म्हणाला. तो धर्मपिता होता, त्याला राहवेना.

काकू रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "तिघं भिंतीकडे तोंड करा." त्यांनी केलं. अन्थुलाने सांगितलं, डॉक्टरने झोपून राहायला सांगितलंय. सांगितलं, आई, या वेळी तू ये. काकू "हो" एवढंच म्हणाली.

फेब्रुवारी आला. अथेन्सचं घर खिळखिळं झालं होतं. रोज रेडिओवर कुणीतरी कुणावर नाराज. काकूला त्याचं काही नव्हतं. ती शाळेच्या दिशेचा कान उघडा ठेवून काम करायची. कुणी खुर्ची ओढली तर ओरडायची, "आवाज नको!" माणसं हळूच पत्ते टाकू लागली. तिने तिघांना तंबी दिली होती: गाव सोडायचं नाही. स्तेर्गिओसने शेळ्या जवळच्या उतारावर आणल्या. थ्रासोसने आर्ताच्या दातवाल्याकडे जाणं पुढे ढकललं आणि गाल सुजवून बसला. एवढं त्यांनी केलं, हेही लिहायला हवं.

ज्या सकाळी घंटा वाजली, त्याच सकाळी रेडिओने सांगितलं की पक्षांनी आपापले मंत्री काढून घेतले. म्हातारे पंतप्रधान एकटेच खुर्चीवर. काका कानाला रेडिओ लावून बसला होता. चुलीवर वाकलेली काकू ताठ झाली.

"वाजतोय! झिसिस, किल्ली!"

काका हलला नाही. "थांब. आपले बाहेर पडलेत."

"कुठून बाहेर?"

"सरकारातून. आता समिती उरली नाही, फानो. मी किल्ली फिरवली तर अर्थ काय होईल? की आपण अजून त्यांच्याबरोबर आहोत. खालून पक्षाची काहीतरी सूचना येईल..."

"तिकडे अन्थुला आहे."

"कशावरून? कुणाचाही असेल."

समोरून थ्रासोस गाल धरून चढ चढताना दिसला. स्तेर्गिओस रानातून दोरीला बांधलेली किल्ली फिरवत पळत होता. घंटा वाजतच होती. रिकाम्या शाळेत ती फार मोठी वाटायची, एखादं मूल वर्गात विसरून कुलूप लावल्यासारखी. काकूने नवऱ्याच्या जाकिटाची कॉलर धरली. "तू समितीतून बाहेर पडलायस. बापपणातून पडलायस का?" काका उठला, खिसे चाचपले, किल्ली दुसऱ्या जाकिटात होती, ते जाकीट माडीवर. तो चढाच्या निम्म्यावर पोचला तेव्हा घंटा थांबली.

मग जे झालं ते सांगायलाही लाज वाटते. थ्रासोसने आपलं कुलूप काढून ठेवलं होतं. काकाला उशिरा येताना पाहून त्याने ते पुन्हा लावलं. "तुम्ही बाहेर पडलात म्हणे. मग आम्हीच का उघडं ठेवायचं? उद्या म्हणाल निळ्यांनी टेलिफोन बळकावला." आणि तो दात धरून खाली गेला. दुपारी घंटा पुन्हा वाजली. या वेळी काका पहिला धावला, स्तेर्गिओस होता, काकू होती, मी होतो. थ्रासोस दुधाच्या गाडीने आर्ताला गेला होता. दातवाल्याकडे. आता काही बंधन उरलं नव्हतं ना.

"कुऱ्हाड आणू?" स्तेर्गिओस म्हणाला.

"सरकारी वस्तू आहे!" काका म्हणाला. "खटला होईल. निळे ह्याचीच वाट बघतायत."

काकूने दोन्ही तळवे कपाटावर ठेवले होते. आतून लाकूड थरथरत होतं. ती फळीला तोंड लावून मोठ्याने म्हणाली, "आहे रे! मी आहे इथे! ऐकतेय!" पाव्लोसला अर्थातच ते ऐकू गेलं नाही. बराच वेळ वाजलं. मग लाकूड शांत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही किल्ल्या एकत्र आल्या. काकूने स्वतः नंबर फिरवला. पाव्लोस म्हणाला, "आई, होतात कुठे तुम्ही? ट्रक काल संध्याकाळी गेला. चुलतभाऊ तुमच्यासाठी खालच्या रस्त्यावर तासभर थांबला. मी दिवसभर फोन लावत होतो. अन्थुलाला पहाटे ऑपरेशनला नेलंय."

"सगळं ठीक ना?"

"कळेल. तुम्हाला काय झालं होतं? आजारी होता?"

"नाही," काकू म्हणाली. "आम्ही एकमताने होतो."

मुलगी झाली. लहान, पण जिवंत. अन्थुला फार अशक्त. शेजारची एक तुर्की बाई सूप करून द्यायची, असं पुढे कळलं. पुढचा ट्रक लवकर निघाला नाही, आणि चाळीस दिवस तिच्याजवळ आई नव्हती. ते चाळीस दिवस काकूने कॉफीघरात काढले, आणि त्या काळात तिच्या हातची कॉफी कुणालाच चांगली लागली नाही. पण "करपली आहे" असं म्हणायची छाती कुणाची झाली नाही.

तिसरी निवडणूक एप्रिलला लागली. दहा महिन्यांत तिसरी. काकाने खुर्च्यांना पुन्हा हिरवा रंग दिला. टेलिफोन कुठे लावायचा यावर पुन्हा रस्त्यात भांडण झालं. काकू म्हणाली, इथे आणलात तर विहिरीत टाकीन. माणसांना ते खरं वाटलं.

यानिना शहराहून श्टुटगार्टची बस शनिवारी होती, मतदानाच्या आदल्या दिवशी. त्याआधीच्या सगळ्या भरलेल्या. शुक्रवारी काका तिच्या मागे मागे फिरत होता.

"एक दिवस, फानो. रविवारी मत दे, पुढच्या शनिवारी जा. गावात दोन्हीकडे सारखी मतं आहेत. एका मताने जाईल."

"जाऊ दे."

"निळे येतील!"

"येऊ देत. खिडकी तू धर आता."

थ्रासोस रस्त्यापर्यंत आला. हातात कागदात गुंडाळलेला लहानसा चांदीचा क्रूस होता, नातीसाठी. त्याने तो काकूच्या हातात दिला, उंबऱ्याबाहेरून. "वहिनी, त्या दिवशी मी..."

"तुम्ही कुणाचं नाव घेऊ नका, भावजी," काकू म्हणाली. क्रूस तिने घेतला.

ईस्टरला आठवडा उरला असताना, लाझारसच्या शनिवारी सकाळी, मी तिला यानिनापर्यंत सोडायला निघालो. खाली जाणाऱ्या गाडीत आम्ही दोघंच. वर येणारा रस्ता मात्र भरलेला. नदीवरच्या अरुंद पुलावर आमची गाडी मध्यावर पोचली आणि समोरून पक्षांच्या बसगाड्या आल्या, पुढे हिरव्या, मागे निळ्या, झेंडे, भोंगे, खिडक्यांतून अथेन्सला गेलेली आमचीच माणसं. एक गाडी जाईल एवढाच पूल. आमच्या ड्रायव्हरने निमूटपणे गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

"का?" काकूने विचारलं.

"मतदार आहेत, मावशी. ते जास्त आहेत. शिवाय मला यांच्याशी वाकडं नको."

"दार उघड."

ती उतरली. काळे कपडे, हातात बोचकं. पुलाच्या मध्यावर, पहिल्या हिरव्या बसच्या काचेसमोर जाऊन उभी राहिली. भोंगे वाजले. वरून कुणीतरी ओळखून ओरडलं, "अगं फानो, उलटी कुठे चाललीस? मत इकडे आहे!" हशा झाला. बसच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काकू, बाजूला व्हा. उशीर होतोय."

"मलाही झालाय," काकू म्हणाली. "मागे घे."

"एकटा कसा घेऊ? माझ्यामागे सहा गाड्या आहेत! निळ्या पण आहेत!"

"मग सगळे मिळून घ्या. जमतं की तुम्हाला, रेडिओवर ऐकलंय मी."

 ती हलत नाही हे त्यांना हळूहळू कळलं. शेवटच्या निळ्या गाडीला आधी मागे जावं लागलं, मग तिच्या पुढच्या निळीला, मग हिरव्यांना; माणसं उतरून दरीच्या कडेला उभी राहून एकमेकांच्या गाड्यांना हात दाखवू लागली, "ये, ये, थोडी डावीकडे, बस!" बराच वेळ लागला. सगळ्या गाड्या वळणावरच्या रुंद जागेत गेल्यावर काकू परत गाडीत चढली, बोचकं मांडीवर घेतलं.

"चल," ती ड्रायव्हरला म्हणाली. "यानिनाहून गाडी दोनला सुटते."